पाण्यात बुडालेली सुई

टेलिफोनच्या शोधासाठी ओळखल्या जाणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या प्रयोगवहीत मार्च १८७६मधलं एक चित्र आहे. नळकांड्याच्या तोंडाशी वाकलेलं माणसाचं डोकं, खाली ताणलेला पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईचं टोक पाण्यात. चित्रकला यथातथाच. पण बेलचा प्रतिस्पर्धी संशोधक एलिशा ग्रेनं त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात दिलेल्या कॅव्हिएटमध्येही (शोध पुरा होण्याआधी दिलेल्या आगाऊ सूचनेत) जवळजवळ हेच आहे: डबीत बोलणारा माणूस, पडदा आणि द्रवात शिरलेली दांडी. बेलचा पेटंट-अर्जही त्याच दिवशी दाखल झाला होता.

पाणी कशाला? आवाजानं पडदा थरथरतो, सुई वरखाली होते आणि आम्ल मिसळलेल्या पाण्यातून जाणाऱ्या विजेला होणारा रोध कमी-जास्त होतो. आवाजाच्या लाटेबरहुकूम वीजप्रवाहातही लाट उठते. १० मार्चला याच युक्तीनं बेलची हाक शेजारच्या खोलीत त्याचा सहायक वॉटसनला ऐकू गेली.

पण बेलचं पेटंट ७ मार्चलाच मिळालं होतं! त्यातली आकृती ७ म्हणजे समोरासमोर दोन शंकू, पडदे आणि विद्युतचुंबक. त्यात पाण्याचा थेंब नाही. रोध बदलून प्रवाह बदलण्याची कल्पना मजकुरात होती. ती कुठून आली, यावरूनच रण पेटलं. पेटंट परीक्षक विल्बरनं १८८६मध्ये प्रतिज्ञापत्रावर सांगितलं, की ग्रेचं चित्र मी बेलला दाखवलं. बेलनं शपथेवर ते नाकारलं. गंमत अशी, की विल्बरनं आधी दिलेलं प्रतिज्ञापत्र नेमकं याच्या उलट होतं, त्यामुळे त्याच्यावर विसंबणं अवघड. तरी १८७७मध्ये ग्रेला लिहिलेल्या पत्रात, कॅव्हिएटचा पाण्यातल्या तारेच्या कंपनाशी काही संबंध आहे एवढं ठाऊक असल्याचं बेलनंच कबूल केलं आहे. मला विल्बरच्या शपथेपेक्षा ही ओळ जास्त खटकते.

तेव्हा अमेरिकेत आधी शोध लावणाऱ्याचा हक्क मानला जाई. त्यामुळे चित्रापेक्षा त्यावरची तारीख महाग. बेलची वहीतली सुई ७ मार्चनंतरची, म्हणून पेटंटच्या दृष्टीनं ती गौण. नकलेचा संशय मात्र तिनं कायमचा चिकटवून ठेवला.

तारखेची किंमत खरी कळली ती पेनसिल्व्हेनियातल्या डॅनियल ड्रॉबॉला. बेलच्या कितीतरी आधी आपण टेलिफोन केला, असा त्याचा दावा. त्याचा आवाज तारेवरून ऐकल्याचं सांगणारे डझनावारी गावकरी साक्षीला उभे राहिले, जुन्या यंत्रांचे तुकडेही न्यायालयात आले. नव्हता तो त्या काळचा तारीख घातलेला कागद. सर्वोच्च न्यायालयानं १८८८मध्ये निकाल बेलच्या बाजूनं दिला. पेटंट मिळेपर्यंत बेलच्या यंत्रातून एकही स्पष्ट शब्द गेलेला नसला, तरी पद्धत आकृतीसह नीट मांडली होती, एवढं पुरे, असं बहुमताचं म्हणणं. न्यायमूर्ती चार विरुद्ध तीन. त्या तिघांना गावकऱ्यांच्या साक्षी पटल्या होत्या.