तुमची एन्क्रिप्टेड व्हीएम आणि बाहेरून येणारे इंटरप्ट

एन्क्रिप्टेड व्हीएम (आमच्या सर्व्हरवर चालणारा, मेमरी कुलूपबंद असलेला तुमचा आभासी संगणक) घेताना बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात: "आमची मेमरी तुम्हालाही दिसणार नाही ना?" नाही दिसणार. किल्ली प्रोसेसरच्या आत असते, ती आमच्या हाती लागत नाही. पण तुमच्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, काम करता करता मध्येच कोण थांबवू शकतं, हे सहसा कोणी विचारत नाही. त्याचं उत्तर असं की, आम्ही थांबवू शकतो. म्हणून हे पत्रक.

डिस्कचं वाचन झालं, नेटवर्कवर पॅकेट आलं, टायमरची वेळ भरली, की इंटरप्ट म्हणजे 'थांब, इकडे बघ' असा इशारा येतो. कर्नल हातातलं काम आहे तिथे सोडतो, आलेला क्रमांक बघतो आणि त्याचं ठरलेलं हँडलर चालवतो. एक्स८६ प्रोसेसरवर असे २५६ क्रमांक म्हणजे व्हेक्टर असतात. त्यातले ० ते ३१ प्रोसेसरने स्वतःच्या एक्सेप्शनसाठी, म्हणजे सूचना चालवताना आलेल्या अडचणी कळवण्यासाठी, राखलेले आहेत. व्हीएममध्ये खरं हार्डवेअर होस्टकडे म्हणजे आमच्या सर्व्हरकडे असतं, त्यामुळे इंटरप्ट आत ढकलण्याचं काम हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं आमचं सॉफ्टवेअर, करतो. कर्नल लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षं धरून चाललं की खालचा थर खोटं बोलणार नाही. एन्क्रिप्टेड व्हीएममध्ये मात्र कुंपणच शेत खाईल असं समजून चालावं लागतं, आणि इथे कुंपण म्हणजे आम्हीच.

१२८ क्रमांकाची गोष्ट

जुने ३२-बिट लिनक्स प्रोग्रॅम सिस्टिम कॉल करायला, म्हणजे कर्नलकडे काम मागायला, व्हेक्टर १२८ वापरतात. कॉलचा क्रमांक ईएएक्स रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात) ठेवायचा आणि उत्तरही त्याच रजिस्टरमध्ये घ्यायचं, अशी ती पद्धत. अडचण अशी की हाच क्रमांक हायपरव्हायझरने बाहेरून पाठवला तरी तेच हँडलर चालायचं. प्रोग्रॅमने काहीच मागितलेलं नसताना कर्नल रजिस्टरमध्ये त्या क्षणी जे असेल त्यालाच सिस्टिम कॉल समजायचा आणि उत्तर तिथेच लिहून मोकळा व्हायचा.

आता पासवर्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा नेमका तो क्षण डोळ्यांसमोर आणा. फंक्शन परतलंय, रजिस्टरमध्ये शून्य आहे, म्हणजे पासवर्ड चुकला. तेवढ्यात बाहेरून १२८ आला. शून्याच्या जागी दुसराच आकडा बसला आणि दार उघडलं. २०२४ मध्ये 'हेक्लर' या नावाने संशोधकांनी हे ओपनएसएसएच (दुरून लॉगिन) आणि सुडो (प्रशासकाचे अधिकार) या प्रोग्रॅमवर करून दाखवलं. मेमरीतला एकही बाइट त्यांना वाचावा लागला नाही, एन्क्रिप्शन शेवटपर्यंत शाबूत होतं. आम्हाला ही गोष्ट सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

लिनक्स ६.६.७ मध्ये ही फट बुजवली गेली. टीडीएक्स या इंटेलच्या एन्क्रिप्टेड व्हीएम तंत्राच्या गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, कर्नल आता लोकल एपिकमध्ये (इंटरप्ट स्वीकारणाऱ्या भागात) बघून घेतो, की १२८ बाहेरून आला की प्रोग्रॅमनेच मागितला. एसईव्ही या एएमडीच्या तशाच तंत्रावर मूळ सेटिंगमध्ये ३२-बिट प्रोग्रॅमचा आधारच बंद असतो.

२९ आणि बाकीचे

एसईव्हीच्या पुढच्या एसईव्ही-ईएस आवृत्तीपासून गेस्टचे रजिस्टरही झाकलेले असतात. त्यामुळे सीपीयूआयडीसारखी (प्रोसेसरची माहिती विचारणारी) सूचना आली की प्रोसेसर आधी गेस्टच्याच कर्नलला एक्सेप्शन २९ देतो. कर्नल तेवढीच गरजेची माहिती सामायिक पानावर (मेमरीच्या होस्टलाही दिसणाऱ्या तुकड्यावर) ठेवून हायपरव्हायझरला हाक मारतो. पण हा २९ च खोटा असेल तर? हँडलर सांगितलेल्या कारणावर विश्वास ठेवायचा आणि मागितलेलं रजिस्टर आपल्या हाताने बाहेर ठेवायचा. आता कर्नल कारण मानण्याआधी त्या जागी खरोखर कोणती सूचना आहे तिचे बाइट तपासतो. ही दुरुस्ती ६.९ मध्ये आहे.

टीडीएक्समध्ये हायपरव्हायझर आणि गेस्ट यांच्यामध्ये इंटेलचं मॉड्यूल बसतं. ते ३१ च्या खालचे क्रमांक बाहेरून येऊच देत नाही, त्यामुळे खोट्या एक्सेप्शनचा प्रश्न तिथे उद्भवत नाही. एएमडीच्या त्यापुढच्या एसईव्ही-एसएनपीमध्ये 'रिस्ट्रिक्टेड इंजेक्शन' नावाची सोय आहे. ती चालू असली की होस्टला फक्त २८ क्रमांकाची घंटा वाजवता येते आणि काय आलंय ते गेस्ट स्वतः पानावर वाचतो. एएमडीच्याच सिक्योर एव्हिक या सोयीत कोणते इंटरप्ट बाहेरून घ्यायचे याची यादीच गेस्टकडे असते. मात्र अशी सोय प्रोसेसर, हायपरव्हायझर आणि गेस्ट कर्नल तिघांनाही यावी लागते. माहितीपुस्तिकेत नाव आहे म्हणून ती चालू आहे असं समजू नका.

तुमच्याकडून काय हवं

कर्नल ६.९ किंवा त्यापुढचा ठेवा. डिस्ट्रिब्युशनचा जुना कर्नल असेल तर सीव्हीई-२०२४-२५७४२ आणि २५७४४ (सीव्हीई म्हणजे त्रुटींचे जाहीर क्रमांक) या दोन त्रुटींच्या दुरुस्त्या त्यात आल्यात का ते बघा. इमेज तुमची, कर्नलही तुमचा. तो आम्ही बदलू शकत नाही, आणि बदलू शकत असतो तर ही सेवा घेण्यात काही अर्थ उरला नसता.

एका ग्राहकाची एसईव्ही व्हीएम कर्नल अपडेटनंतर 'एक्झेक फॉरमॅट एरर' देऊ लागली. फाइल खराब झाली म्हणून त्यांनी तीच फाइल दोनदा नव्याने चढवली. फाइलमध्ये काहीच दोष नव्हता, परवाना तपासणारा त्यांचा जुना प्रोग्रॅम ३२-बिट होता, इतकंच. बूटच्या वेळी ३२-बिट आधार परत चालू करता येतो, पण मग वरची १२८ ची फट पुन्हा उघडी पडते. आम्ही त्यांना ६४-बिट आवृत्ती मागवायला सांगितलं. तुम्हालाही तेच सांगू.

एक गोष्ट या सगळ्यातून सुटत नाही. इंटरप्ट न पाठवणं किंवा उशिरा पाठवणं होस्टच्या हातात राहतंच. तुमची व्हीएम अडून बसली, तर ते हे तंत्रज्ञान रोखत नाही. ते वाचण्या-बदलण्यापासून जपतं, चालत राहण्याची हमी देत नाही. ती हमी आमच्या सेवाकरारात आहे, तिथे बघा.

अडचण आली तर कर्नलची आवृत्ती, बूट लॉगमधली मेमरी एन्क्रिप्शनची ओळ आणि इंटरप्टचे आकडे असलेली फाइल (/proc/interrupts) एवढंच पाठवा. मेमरी डंप, म्हणजे मेमरीची प्रत, पाठवू नका. आमच्यापासून झाकलेलं आम्हालाच मेल करणारे ग्राहक आम्हाला भेटलेत.