दुव्याचा वशिला

1990च्या दशकातली सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द मोजायची. मग साइटवाले एकच शब्द पन्नासदा लिहायचे, तोही पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1996च्या सुमारास दुसरी वाट धरली. पान स्वतःबद्दल काय सांगतं यापेक्षा दुव्याने (लिंकने) त्याच्याकडे बोट कोण दाखवतंय, हे त्यांचं 'बॅकरब' हे सर्च इंजिन, म्हणजे पुढचं गूगल, बघू लागलं. कल्पना तशी जुनीच. कोणत्या शोधनिबंधाचा हवाला कोणी दिला, याची नोंद यूजीन गारफिल्ड यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स 1964पासून ठेवत होता. पानाला गुण देणाऱ्या त्यांच्या 'पेजरँक' या पद्धतीने त्यात वजन आणलं: ज्याला स्वतःला मान, त्याच्या शिफारशीला भाव. पण त्यानेच दहा जणांना चिठ्ठ्या दिल्या, तर तो भाव दहांत वाटला जाणार.

दुव्यावरचे शब्दही मोजले जात. त्यामुळे नुसतं 'क्लिक हिअर' शोधलं तरी अडोबी रीडर उतरवून घ्यायचं पान वर यायचं, कारण जगभरच्या साइट्सनी नेमक्या त्याच दोन शब्दांवर तो दुवा दिला होता. 2003मध्ये काहींनी ठरवून 'मिझरेबल फेल्युअर' या शब्दांचा दुवा जॉर्ज बुश यांच्या चरित्राला जोडला. तेही वर आलं.

खरा घोळ घातला तो 2000 साली आलेल्या, ब्राउझरमध्ये बसवायच्या गूगल टूलबारने, असं माझं मत. कोणत्याही पानाचा पेजरँक 0 ते 10 पैकी किती, हे हिरव्या पट्टीत दिसू लागलं, आणि आकडा दिसला की भाव फुटतोच. दुवे विकले जाऊ लागले, लोकांच्या प्रतिक्रियांच्या रकान्यांत औषधं आणि जुगाराच्या जाहिराती घुसल्या. 2005च्या जानेवारीत 'नोफॉलो' ही दुव्याला लावायची खूण आली: दुवा द्या, पण वशिला नको.

तरी 2011मध्ये जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचं प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीला आणलं. भलभलत्या साइट्सवर तिचे हजारो दुवे पेरलेले होते. गूगलने कारवाई केली त्या संध्याकाळी 'लिव्हिंग रूम फर्निचर'साठी ती सात वाजता पहिली होती, नऊ वाजता अडुसष्टावी. (आम्हाला माहीतच नव्हतं, असं कंपनी म्हणाली.)

24 एप्रिल 2012ला गूगलचं 'पेंग्विन' आलं, असे पेरलेले दुवे पकडून शिक्षा करणारा बदल. काल पैसे मोजून दुवे घेणारे आज ते काढा म्हणून हातापाया पडू लागले. 2016मध्ये पेंग्विन सौम्य झालं, वाईट दुव्यांना शिक्षा करण्याऐवजी ते मोजेनासंच झालं. त्याच वर्षी टूलबारवरचा आकडाही गेला. दुवे विकणाऱ्यांच्या मेल मात्र अजून येतात, 'डीए (डोमेन ऑथॉरिटी, म्हणजे साइटचं वजन) 50+' अशी जाहिरात करत. तो आकडा गूगलचा नाहीच, मोझ नावाच्या कंपनीचा आहे.