कंबरेला अंथरूण मानवत नाही

कंबरेच्या दुखण्याला मराठीत बरेच शब्द आहेत. काही उचलताना कळ आली की ‘उसण भरली’, सकाळी उठताना सरळ होता येईना की ‘कंबर धरली’, आणि एमआरआय काढून आलं की ‘गादी सरकली’ किंवा ‘मणक्यात गॅप आली’. पहिले दोन शब्द निरुपद्रवी आहेत, जे जाणवतं तेवढंच सांगतात. शेवटचे दोन मात्र माणसाच्या मनात घर करून बसतात. सरकलेली गादी आणखी सरकेल या धास्तीने तो वाकणं सोडतो, मग चालणं कमी करतो, आणि वर्षभरात मूळ दुखण्यापेक्षा ही धास्तीच जास्त महागात पडलेली असते.

गादी सरकत नाही, कारण तिला सरकायला जागाच नसते. कण्यात हलणारे 24 मणके असतात: मानेत 7, छातीच्या मागे 12, कंबरेत 5. त्यांच्या दरम्यान आणि कंबरेच्या शेवटच्या मणक्याखाली मिळून 23 गाद्या. प्रत्येक गादी वरच्या आणि खालच्या हाडाला तंतूंनी घट्ट विणलेली असते. बाहेर चिवट तंतूंची अनेक पदरी कडी आणि आत पाणीदार गर, अशी तिची रचना. ही कडी फुगू शकते, तिला चीर पडू शकते, गर बाहेर येऊन नसेवर दाब पडू शकतो. मग कळ पायात उतरते, तिला आपण सायटिका म्हणतो. पण असा बाहेर आलेला गरही अनेकदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो.

फुगलेली गादी दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असंही नाही. 1994 मध्ये अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या 52 टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली निघाली आणि 27 टक्क्यांची चक्क बाहेर आलेली. सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले जेमतेम एक तृतीयांश होते. कंबरदुखीच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत अमुकच भाग दुखतोय असं बोट ठेवून सांगता येत नाही. ऐकायला ते असमाधानकारक वाटतं, पण ‘तुमचा कणा झिजलाय’ या ठाम वाक्यापेक्षा ते खरं आहे आणि कमी घातक.

गादीचं पोषण ही या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. प्रौढ माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. ऑक्सिजन, ग्लुकोज, सगळं शेजारच्या हाडातून पाझरत तिच्यापर्यंत येतं. दिवसभर शरीराचा भार पेलताना तिच्यातलं पाणी थोडं थोडं पिळून निघतं आणि रात्री आडवं झाल्यावर ती ते पुन्हा शोषून घेते. म्हणूनच सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा एखाद-दोन सेंटिमीटर जास्त भरते. उठल्या उठल्या वाकायला जड जातं त्याचंही एक कारण हेच: गादी तेव्हा पाण्याने टम्म असते. (हालचाल म्हणजे गादीचा पंप, असं बरेचदा सांगितलं जातं. ते जरा जास्तच सुटसुटीत आहे. लहान रेणू पंपाविनाही पाझरतात. पण भार येणं-जाणं हे गादीचं रोजचं जगणं आहे, एवढं नक्की.)

हा भार अजिबातच नसला तर काय होतं, ते अंतराळवीरांकडे पाहून कळतं. वजनरहित अवस्थेत त्यांची उंची 3 टक्क्यांपर्यंत वाढते, आणि पहिल्या काही दिवसांत त्यांच्यातले अनेक जण कंबरदुखीचीच तक्रार करतात. महिनोन्‌महिने राहून परतलेल्यांत कण्यालगतचे स्नायू बारीक झालेले आढळतात. याहून जास्त विश्रांती कंबरेला कोण देणार?

तरीही पाठ टेकून पडून राहा, हा सल्ला डॉक्टर पिढ्यानपिढ्या देत आले. त्याला पहिला मोठा धक्का 1986 मध्ये बसला. एका प्रयोगात कंबरदुखीच्या रुग्णांच्या एका गटाला दोन दिवस आणि दुसऱ्याला सात दिवस झोपून राहायला सांगितलं गेलं. दोन दिवसवाले तितकेच बरे झाले, शिवाय कामावरचे खाडे त्यांचे बरेच कमी पडले. 1995 मध्ये हेलसिंकीत महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग त्याच्याही पुढे गेला. ताजी उसण भरलेल्या या लोकांचे तीन गट केले: दोन दिवस झोपून राहणारे, कंबरेचे ठरावीक व्यायाम करणारे, आणि झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे. सर्वांत लवकर सावरले ते तिसरे. सर्वांत सावकाश, झोपून राहिलेले. व्यायामवालेही मागे पडले, हे विसरून चालणार नाही. पहिल्या काही दिवसांत अंगाला पीळ देऊन ‘मोकळं’ करण्याची घाई नको. उठणं, बसणं, घरात फिरणं एवढं पुरतं.

व्यायामाची खरी पाळी येते ती दुखणं रेंगाळल्यावर, किंवा ओसरल्यावर ते परत येऊ नये म्हणून. इथे लोकांचा पहिला प्रश्न असतो, नेमका कोणता? 1996 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की आपण हात झटकन उचलतो तेव्हा पोटाचा सर्वांत आतला स्नायू हाताच्याही आधी आवळला जातो, आणि कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. निरीक्षण सुंदर होतं. त्यावर पुढे ‘कोअर’चा, म्हणजे धडाच्या आतल्या स्नायूंना बळकट करण्याचा, मोठा पंथ उभा राहिला, माणसं खुर्चीतून उठतानाही पोट आत ओढू लागली. पण कोअरच्या व्यायामांची इतर व्यायामांशी गाठ घालून पाहिली तेव्हा लांब पल्ल्यात फारसा फरक उरला नाही. योगासनं, वजनं उचलणं, पोहणं, चालणं: सगळ्यांनी थोडाफार गुण येतो. तेव्हा जो व्यायाम तीन महिन्यांनंतरही कंटाळा न येता चालू राहील, तो निवडावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणं, या दोन्हींना मात्र सरसकट वापरू नका असं म्हटलं आहे.

सुरुवात आपल्याला हमखास जमतं त्याच्या थोडी खालीच करावी. वीस मिनिटं चालल्यावर कळ येत असेल तर पंधरा. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरलं, तर मात्रा बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही तसंच चढं राहिलं, तर कमी करायची. बंद करायची नाही. रेंगाळलेल्या दुखण्यात कळ येणं म्हणजे आत काही फाटणं नव्हे. अशा वेळी मेंदूची धोक्याची घंटा हळवी झालेली असते, आणि वाकूनही काही बिघडलं नाही याचा अनुभव पुन्हा पुन्हा आला की ती हळूहळू शांत होते.

काही लक्षणांत मात्र व्यायामाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर किंवा जोरात पडणं, यांसोबत कंबर दुखत असेल तरीही थांबू नये.

कंबरदुखी उलटते, हा तिचा स्वभावच आहे. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियात नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. बाकीच्यांना काहीच दिलं नाही. कामात अडथळा आणणारं दुखणं परतायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (म्हणजे जेवढ्या दिवसांत निम्म्यांना ते परतलं) काढला तेव्हा तो चालणाऱ्यांत 208 दिवस आला आणि इतरांत 112. म्हणजे चालणाऱ्यांनाही ते गाठतंच, फक्त उशिरा. गाठलं, तर त्या दिवशी अर्ध्या तासाऐवजी दारापर्यंत जाऊन यायचं, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत.