उपाशीपोटी म्हणजे सिगारेटही नाही

फास्टिंग शुगर आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची टेस्ट, यांसाठी 10-12 तास काही खायचं नाही, पाणी चालतं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. अडतं ते सिगारेटवर. लॅब उघडेपर्यंत खालच्या टपरीवर एक ओढायची आणि वर येऊन "पोटात काही नाही" म्हणायचं, हे रोजचं. खोटं कुणी बोलत नाही. धूर पोटात जात नाही, एवढाच हिशेब.

पण निकोटिन काही सेकंदांत रक्तात भिनतं. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, नाडी आणि बीपी चढतं, साठवलेली साखर आणि चरबी रक्तात सुटायला लागते. मग रिपोर्टातल्या आकड्यात त्या सिगारेटचाही हात असतो. डॉक्टरांना शंका आली की टेस्ट पुन्हा, म्हणजे तुमची आणखी एक सकाळ उपाशी. मशेरी लावून येणाऱ्या मावशींनाही हेच सांगणं आहे: हिरडीतूनही निकोटिन जातंच.

म्हणून काउंटरवर "शेवटची कधी ओढलीत?" असं विचारतो. वडील शेजारी बसले असले की काहींना राग येतो. हळू आवाजात विचारू, पण विचारणारच. ओढली असेल तर बीपी अर्ध्या तासानं घेतो आणि उपाशीपोटीचं सॅम्पल दुसऱ्या दिवशी. एचबीएवनसी मात्र लगेच देऊन जा. ती मागच्या 2-3 महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते, एका सिगारेटनं हलत नाही.

विम्याच्या तपासणीआधी दोन दिवस सोडून येणाऱ्यांचा मात्र फारसा फायदा होत नाही. रोज ओढणाऱ्यांचं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, बहुधा कमी आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, जास्त असतात. पांढऱ्या पेशीही वाढलेल्या दिसतात. हिमोग्लोबिन 17 आलं म्हणून खूश होऊ नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिन अडवून ठेवतो, म्हणून शरीर जास्तीचं बनवतं.

कायमची सोडलीत तर एचडीएल काही आठवड्यांत वर यायला लागतं आणि सिगारेटमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका वर्षभरात साधारण निम्म्यावर येतो. सोडायला मदत हवी असेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: 1800-11-2356. तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल करायला याल तेव्हा जुना रिपोर्ट आणा, दोन्ही शेजारी ठेवून समजावून सांगू. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आणि सकाळची तलफ आवरतच नसेल तर होम कलेक्शन सांगा. साडेसहाला आमचा माणूस दारात असतो. वाटेत टपरी लागायचा प्रश्नच नाही.