पहिल्या तासाला एक दगड

जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा वर्गात ओल्या रेनकोटांचा आणि नव्या वह्यांचा वास एकत्र भरलेला असतो. नववीच्या पहिल्या भूगोलाच्या तासाला मी पुस्तक उघडायला लावत नाही. ‘उद्या येताना प्रत्येकाने एक दगड आणा,’ एवढाच गृहपाठ देते. मुंबईच्या मुलांना भूविज्ञान म्हणजे जपानचे भूकंप नाहीतर हिमालयाच्या वळ्या वाटतात. आपण स्वतः थिजलेल्या लाव्हावर राहतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी बाकांवर काय काय जमतं! रस्त्याच्या कामाची खडी, स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा, संगमरवराची कपची, समुद्रावरचा गुळगुळीत गोटा, एखादं विटेचं ढेकूळ. वीट हा दगड की नाही, यावर वाद रंगतो आणि मी तो रंगू देते. मग निघतं लिंबू. खिळ्याने दगड खरवडून चिमूटभर भुकटी काढायची, तिच्यावर रसाचे दोन थेंब टाकायचे आणि भिंगातून बघायचं. संगमरवर आणि कडप्पा बारीक बुडबुडे सोडतात, कारण दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि आम्ल लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. ओट्यावर लिंबू सांडलं की पांढरट डाग का पडतो, हे मुलांना तिथेच उमगतं. कडप्पा हा आंध्रातून आलेला चुनखडक आपल्या सह्याद्रीपेक्षा कितीतरी जुना आहे.

काळी खडी मात्र ढिम्म राहते. ती बेसॉल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाची.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर वाहू लागला. मुलं ज्वालामुखी म्हणून शंकूसारखा डोंगर काढतात, पण इथे लाव्हा पाण्यासारखा पसरला, थरावर थर चढत गेला. आज त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापलेला आहे. कसारा घाटातून गाडी चढताना डोंगरांच्या ज्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात; त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्दही जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे. लाव्हा लवकर थंड झाला, त्यामुळे स्फटिकांना वाढायला सवड मिळाली नाही आणि ते एकमेकांत घट्ट गुंतले. पाटा-वरवंटा या दगडाचा असतो तो म्हणूनच: तो झिजतो सावकाश आणि टाकी लावली की पुन्हा नव्यासारखा वाटतो.

एखाद्या खडीत बारीक छिद्रं असतात. ते लाव्हात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. काही छिद्रांत पांढरे ठिपके दिसतात. दगड थिजल्यावर त्यातून झिरपलेल्या गरम पाण्याने तिथे झिओलाइटसारखी खनिजं आणून भरली. हे ठिपके भिंगाखाली पहिल्यांदा चमकतात तेव्हा वर्ग अगदी गप्प होतो.

अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल उभी आहे, सुमारे ६० मीटर उंच. तिचा कडा जवळून पाहिला तर उभे खांब बांधून ठेवल्यासारखे दिसतात. चिखल सुकताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात, तसाच लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याचे खांब झाले. वर गावदेवीचं देऊळ आहे, पायऱ्या चढून जाता येतं. माझ्या मते मुंबईतल्या प्रत्येक मुलाने ही टेकडी एकदा तरी पाहायलाच हवी.

मला सर्वांत आवडते ती वरळीची गोष्ट. लाव्हा अखंड वाहत नव्हता. दोन लोंढ्यांच्या मधे शांततेचा मोठा काळ जायचा, तळी साचायची, त्यांत गाळ बसायचा. वरळीच्या परिसरात अशाच गाळाच्या थरांत चिमुकल्या बेडकांचे आणि कासवांचे जीवाश्म सापडले. त्या बेडकाचं वर्णन १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी प्रसिद्ध केलं. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे शास्त्रज्ञ ते हेच. आगीच्या दोन लोंढ्यांमधे इथे बेडूक डरावत होते, हे ऐकून मुलं खिडकीबाहेर पावसाकडे बघतात.

पावसाचंही या दगडाशी काम असतंच. फोडलेली खडी आतून काळी आणि बाहेरून तांबूस असते, कारण पाणी आणि हवा तिच्यातलं लोह गंजवतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यात पाऊस मोजायला आम्ही गच्चीवर सरळ भिंतींची प्लास्टिकची बाटली ठेवतो. तोंडाकडचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा, तळात वाळू व पाणी घालून शून्याची रेघ मारायची आणि बाहेरून मोजपट्टी चिकटवायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, आणि त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७३. शहर एकच, पण आभाळ एक नव्हतं. म्हणून मी दहिसर, कुर्ला, परळ इथून येणाऱ्या मुलांना घरीही बाटली ठेवायला सांगते. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्याच वेळी, आकडा टिपायचा आणि शून्याच्या रेघेवरचं पाणी ओतून टाकून बाटली परत जागेवर ठेवायची.