नावांचा नियम की नावाचा शिक्का? जेसनमधली नावं कुठे ठरवावीत

क्लासमधल्या प्रॉपर्टीचं नाव एक आणि जेसनमधून (प्रोग्रॅम एकमेकांना डेटा पाठवताना वापरतात त्या मजकुराच्या स्वरूपातून) बाहेर जाणारं नाव दुसरं, अशी गरज जवळजवळ प्रत्येक वेब प्रकल्पात पडते. सी-शार्पमध्ये प्रॉपर्टीच्या नावातला प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो. जावास्क्रिप्टवाल्यांना पहिलं अक्षर लहान हवं असतं, तर पायथन किंवा रुबीच्या जगात शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर शोभतो. फ्रेमवर्क यावर दोन सोयी देतं. पहिली म्हणजे सगळ्या नावांना एकाच पद्धतीने वळण लावणारा सरसकट नियम. त्याला डॉटनेटमध्ये, म्हणजे सी-शार्पच्या फ्रेमवर्कमध्ये, नेमिंग पॉलिसी आणि जॅक्सन या जावाच्या जेसन लायब्ररीमध्ये नेमिंग स्ट्रॅटेजी म्हणतात. दुसरी म्हणजे एकेका प्रॉपर्टीच्या डोक्यावर लिहायचं ॲट्रिब्यूट किंवा ॲनोटेशन: बाहेर हिचं नाव अमुक.

दोन्हींतून निघणारं जेसन अक्षरन्‌अक्षर सारखं असू शकतं, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. ॲट्रिब्यूट म्हणजे नियमाचंच हाताने केलेलं लांबलचक रूप, असं अनेकांना वाटतं. मग कोणी प्रत्येक प्रॉपर्टीवर ॲट्रिब्यूट चिकटवत बसतं, तर कोणी एका ओळीत नियम लावून बाकी सगळं विसरून जातं. मला ही दोन कामं मुळातच वेगळी वाटतात. आपल्याकडे नावं कशी लिहायची हे नियम सांगतो, आणि या विशिष्ट गोष्टीचं बाहेरच्या जगातलं नाव कोणतं हे ॲट्रिब्यूट सांगतं. एक आहे लिखाणाची शैली, दुसरा आहे शब्द दिल्याचा शिक्का.

नाव बदलून पाहा

फरक ओळखायची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे रिफॅक्टरिंग, म्हणजे काम तेच ठेवून कोडची मांडणी सुधारणं. समजा क्लासमध्ये ‘फोननंबर’ नावाची प्रॉपर्टी आहे आणि अंडरस्कोरच्या नियमामुळे ती जेसनमध्ये ‘फोन_नंबर’ अशी जाते. पुढे कोणाला हे नाव मोघम वाटलं आणि त्याने एडिटरमध्ये रीनेम करून ‘मोबाइलनंबर’ केलं. एडिटरने सगळ्या फाइलींतले संदर्भ बदलले, कोड कंपाइल झाला, युनिट टेस्टही पास झाल्या, कारण त्याही नव्या नावानेच वाचतात. पण रिस्पॉन्समध्ये आता ‘मोबाइल_नंबर’ जातंय. आधीच लोकांच्या फोनवर गेलेलं ॲप अजून ‘फोन_नंबर’ शोधतंय आणि त्याला काहीच मिळत नाही.

त्याच प्रॉपर्टीवर ‘फोन_नंबर’ असं ॲट्रिब्यूट असतं, तर रीनेमचा धक्का कोडच्या आतच राहिला असता. एडिटर ॲट्रिब्यूटमधल्या स्ट्रिंगला आपणहून हात लावत नाही. नियमात बाहेरचं नाव आतल्या नावातून निघतं, ॲट्रिब्यूटमध्ये ते आतल्या नावापासून सुटं होतं.

हे नुकसान गुपचूप होतं, म्हणून मी त्यावर इतका भर देतोय. सिस्टम-टेक्स्ट-जेसन या डॉटनेटच्या जेसन लायब्ररीला वाचताना अनोळखी नाव दिसलं तर मूळ सेटिंगमध्ये ते त्याकडे दुर्लक्ष करतं, आणि अपेक्षित नाव सापडलं नाही तर ती प्रॉपर्टी रिकामी किंवा शून्य राहते. जॅक्सन २ एरवी अनोळखी नावाला एरर देतं, पण स्प्रिंग बूट हे जावाचं फ्रेमवर्क ती सक्ती आपल्या मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवतं. म्हणजे नाव जुळलं नाही तरी कोणी ओरडत नाही. वापरकर्त्याचा नंबर कोरा दिसतो आणि चूक कुठे आहे हे शोधायला डेटाबेसपासून सुरुवात होते.

एएसपी-डॉटनेट कोअर या डॉटनेटच्या वेब फ्रेमवर्कमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक वाचताना माफ असतो, त्यामुळे नुसती अक्षरं लहान-मोठी करणारे नियम बदलले तरी येणाऱ्या डेटाला फारसं काही होत नाही. या सवलतीवर विसंबू नका. ती अंडरस्कोरला लागू नाही, आणि समोरच्या क्लायंटकडे ती असेलच असंही नाही. जेसनमधली नावं म्हणजे साध्या स्ट्रिंग. जावास्क्रिप्टला लहान अक्षराचं नाव आणि मोठ्या अक्षराचं नाव या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

नियम क्लासच्या बाहेर राहतो

दुसरा फरक जागेचा आहे. ॲट्रिब्यूट क्लासवरच लिहिलेलं असल्याने तो क्लास जिथे जाईल तिथे ते सोबत जातं. नियम राहतो सेटिंगमध्ये, आणि सेटिंग क्वचितच एकाच ठिकाणी असतं.

एएसपी-डॉटनेट कोअरचंच घ्या. कंट्रोलरसाठीचे, म्हणजे वेब विनंत्या हाताळणाऱ्या क्लासांसाठीचे, जेसन पर्याय ‘ॲड-जेसन-ऑप्शन्स’मधून ठरतात. कंट्रोलरशिवाय लिहिलेल्या मिनिमल एपीआयचे पर्याय निराळे, ते डॉटनेट ७ पासून ‘कॉन्फिगर-एचटीटीपी-जेसन-ऑप्शन्स’मधून देता येतात. एकात केलेला बदल दुसऱ्याला कळत नाही. शिवाय आपण कॅशमध्ये किंवा मेसेज क्यूमध्ये टाकण्यासाठी हाताने जेसन-सिरियलायझर (ऑब्जेक्टचं जेसन करणारा कोड) बोलावला आणि त्याला पर्याय दिलेच नाहीत, तर तो दोन्ही सेटिंगं बाजूला ठेवतो. वेबसाठीच्या मूळ सेटिंगमध्ये पहिलं अक्षर लहान होतं. हाताने बोलावलेला सिरियलायझर प्रॉपर्टीचं नाव जसंच्या तसं लिहितो आणि वाचताना अक्षरांचा फरकही काटेकोरपणे पाळतो. एकच ऑब्जेक्ट, एकाच प्रोग्रॅममध्ये, दोन वेगळ्या नावांनी लिहिला जातो.

जावामध्येही कथा तीच. स्प्रिंग बूटच्या सेटिंगमध्ये स्नेक केस (अंडरस्कोरची पद्धत) लिहिलं की ते स्प्रिंग बूटने तयार करून दिलेल्या मॅपरला, म्हणजे जॅक्सनच्या सिरियलायझरला, लागतं. कोडमध्ये कोणी स्वतःच नवा ऑब्जेक्टमॅपर बनवला, तर त्याला या सेटिंगचा पत्ताच नसतो. एखाद्या क्लासपुरता नियम हवा असेल तर जॅक्सनचं ‘जेसननेमिंग’ ॲनोटेशन क्लासवर लावता येतं. हा मधला मार्ग मला फार आवडतो: नियम नियमच राहतो, पण क्लाससोबत प्रवास करतो.

पायथनमध्ये मात्र जरा सावध राहावं लागतं. पायडँटिक या लायब्ररीमध्ये फील्डला दिलेलं टोपणनाव, म्हणजे अलायस, क्लाससोबत असतं खरं, पण हाताने ‘मॉडेल_डंप’ केल्यावर मूळ सेटिंगमध्ये ते वापरलं जात नाही; ‘बाय_अलायस’ वेगळं मागावं लागतं. फास्टएपीआय हे वेब फ्रेमवर्क मात्र रिस्पॉन्स पाठवताना अलायस आपणहून वापरतं. त्यामुळे लॉगमध्ये एक नाव आणि क्लायंटला दुसरं नाव दिसणं इथे अगदी शक्य आहे.

नियमाला न जमणारी नावं

काही नावं कोणत्याही नियमातून येऊच शकत नाहीत. जेसन-एलडीमधलं ‘@कॉन्टेक्स्ट’, जेसन स्कीमामधलं ‘$रेफ’: ही चिन्हं सी-शार्पच्या प्रॉपर्टीच्या नावाचा भागच होऊ शकत नाहीत, त्यामुळे नियमाला पकडायला काही उरत नाही. इथे ॲट्रिब्यूटशिवाय इलाज नाही.

काही नावं नियमातून येऊ शकतात, पण तशी येऊ देऊ नयेत. ॲपला परवानगी देण्याच्या ओऑथ २.० या पद्धतीचं मानक, म्हणजे २०१२ चं आरएफसी ६७४९, टोकनच्या उत्तरात ‘ॲक्सेस_टोकन’, ‘टोकन_टाइप’, ‘एक्सपायर्स_इन’ अशी नावं ठरवून देतं. तुमचा बाकीचा एपीआय कॅमल केसमध्ये (पहिलं अक्षर लहान, पुढचे शब्द मोठ्या अक्षराने) असो वा नसो, ही नावं तशीच जायला हवीत. सगळा एपीआय अंडरस्कोरमध्ये असला तरी मी इथे ॲट्रिब्यूटच लावीन, कारण उद्या कोणी घराचा नियम बदलला म्हणून मानक बदलत नाही. एएसपी-डॉटनेट कोअरमध्ये चूक झाल्याची माहिती कळवणारा प्रॉब्लेम-डिटेल्स नावाचा क्लास आहे. त्यातल्या टाइप, टायटल, स्टेटस या प्रॉपर्टींवर फ्रेमवर्कने स्वतःच ॲट्रिब्यूट लावलेली आहेत.

आणि मग आद्याक्षरी नावं. नियम म्हणजे शेवटी शब्द तोडणारा एक छोटा अल्गोरिदम, आणि तो प्रत्येकाचा वेगळा. जॅक्सनचा स्नेक केस ‘समयूआरआयज’ या नावाचं, म्हणजे यूआरआय ही तीन मोठी अक्षरं आणि मागे अनेकवचनाचं लहान अक्षर, ‘सम_यूआरआयज’ असं करतो. डॉटनेट ८ मध्ये आलेली स्नेक केस पॉलिसी शेवटच्या मोठ्या अक्षरापाशी नवा शब्द धरते आणि ‘सम_यूआर_आयएस’ असा विचित्र तुकडा पाडते. दोघांचंही आपापल्या तर्कानुसार बरोबर आहे. पण एक सेवा जावात आणि दुसरी डॉटनेटमध्ये असेल आणि दोघींनी ‘आमच्याकडे स्नेक केस आहे’ एवढ्यावर समाधान मानलं असेल, तर नावं जुळणार नाहीत. अशी नावं दिसली की सरळ ॲट्रिब्यूट लावावं.

दोन्ही असतील तर कोणाचं चालतं?

बहुतेक ठिकाणी ॲट्रिब्यूटचं. सिस्टम-टेक्स्ट-जेसनमध्ये ‘जेसनप्रॉपर्टीनेम’ पॉलिसीवर मात करतं. जॅक्सनमध्ये ‘जेसनप्रॉपर्टी’ला दिलेलं नाव मूळ सेटिंगमध्ये स्ट्रॅटेजी बदलत नाही. रस्ट भाषेच्या सर्ड या लायब्ररीमध्येही फील्डवरचं ‘रीनेम’ अख्ख्या स्ट्रक्टवरच्या ‘रीनेम_ऑल’ला मागे टाकतं. हाच क्रम योग्य आहे: सरसकट नियमापेक्षा हाताने लिहिलेल्या नावामागे अधिक विचार असतो.

अपवाद न्यूटनसॉफ्टचा, म्हणजे डॉटनेटच्या जुन्या जेसन लायब्ररीचा. तिथला कॅमलकेस-प्रॉपर्टीनेम्स-कॉन्ट्रॅक्टरिझॉल्व्हर हाताने दिलेल्या नावांनाही वळण लावतो. तुम्ही ‘जेसनप्रॉपर्टी’मध्ये मोठ्या अक्षराने सुरू होणारं नाव लिहिलं, तरी बाहेर ते लहान अक्षरानेच जातं. दिलेली नावं राखायची असतील तर साधा डीफॉल्ट रिझॉल्व्हर घेऊन त्याला कॅमल केसची स्ट्रॅटेजी द्यावी.

ॲट्रिब्यूटांच्या नावांतलं साम्यही इथे फसवतं. डॉटनेटमध्ये ‘जेसनप्रॉपर्टी’ न्यूटनसॉफ्टचं, ‘जेसनप्रॉपर्टीनेम’ सिस्टम-टेक्स्ट-जेसनचं. २०१९ मध्ये डॉटनेट कोअर ३.० सोबत फ्रेमवर्कने आपला सिरियलायझर बदलला, तेव्हापासून जुनं ॲट्रिब्यूट नव्या सिरियलायझरसमोर निव्वळ शोभेचं ठरतं. एरर येत नाही, इशारा येत नाही, नावं फक्त पूर्वीसारखी जात नाहीत. जुना प्रकल्प हलवताना मी सर्वांत आधी हेच शोधीन.

नियम कुठवर पोहोचतो

प्रॉपर्टीची नावं म्हणजे जेसनमधली सगळी नावं नव्हेत. डिक्शनरीच्या, म्हणजे किल्ली-मूल्य जोड्यांच्या यादीच्या, किल्ल्या हा डेटा असतो आणि त्यांना नियम लावायचा की नाही हा वेगळा निर्णय आहे. सिस्टम-टेक्स्ट-जेसनमध्ये त्यासाठी डिक्शनरी-की-पॉलिसी ही स्वतंत्र पॉलिसी आहे, आणि ती फक्त लिहिताना चालते. वाचताना किल्ल्या मूळ रूपात परत येत नाहीत. किल्ली म्हणून उत्पादनाचे कोड किंवा वापरकर्त्याने टाईप केलेले शब्द असतील, तर ती पॉलिसी लावूच नये. वर सांगितलेला न्यूटनसॉफ्टचा रिझॉल्व्हर मात्र किल्ल्यांनाही हात घालतो. इनमच्या (ठरावीक पर्यायांच्या यादीच्या) मूल्यांचा हिशोब पुन्हा निराळा, तो कन्व्हर्टरकडे असतो.

व्हॅलिडेशनच्या, म्हणजे आलेला डेटा तपासण्याच्या, एररमध्ये तर कित्येकदा आतलं नाव बाहेर डोकावतं. फॉर्मने ‘फोन_नंबर’ पाठवलेला असतो आणि एरर येते सी-शार्पमधल्या प्रॉपर्टीच्या नावाने. फ्रंटएंडला ती कोणत्या रकान्याखाली दाखवायची ते कळत नाही. डॉटनेट ७ पासून जेसनमधलीच नावं एररमध्ये वापरणारा मेटाडेटा प्रोव्हायडर मिळतो, पण तो आपल्याला जोडावा लागतो.

निवडायचं कसं

गो भाषेच्या मूळ जेसन पॅकेजमध्ये सरसकट नियमाची सोयच नाही. स्ट्रक्टच्या फील्डपुढे टॅग लिहा, नाहीतर फील्डचं नाव जसंच्या तसं जाईल. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटतं, पण बाहेर जाणारं नाव कोडमध्ये शोधलं की लगेच सापडतं. नियमाने घडवलेलं ‘फोन_नंबर’ कोडमध्ये कुठेही शोधून मिळत नाही, कारण ते तसं कुठे लिहिलेलंच नसतं.

तरीही सगळीकडे ॲट्रिब्यूट लावा असं मी म्हणणार नाही. ज्या एपीआयचा एकमेव ग्राहक तुमचाच फ्रंटएंड आहे आणि दोन्ही बाजू एकत्रच प्रकाशित होतात, तिथे नियम पुरे. शंभर प्रॉपर्टींवर शंभर स्ट्रिंग लिहिल्या की त्यांतली एखादी चुकतेच, आणि ती चूक कंपायलरला दिसत नाही. पण बाहेरच्या लोकांना दिलेला एपीआय, मोबाइल ॲप, वेबहुक, क्यूमध्ये पडून राहणारे मेसेज, डेटाबेसच्या जेसन रकान्यात साठवलेला मजकूर, यांतलं काही असेल तर नावं ॲट्रिब्यूटने बांधा. साठवलेल्या मजकुराबाबत मी विशेष आग्रही आहे. क्लायंट अपडेट करता येतो, पण तीन वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ त्याच जुन्या नावाने पडून असते.

नाव खरोखरच बदलायचं असेल तर त्यासाठी या दोन्हींपेक्षा वेगळं साधन आहे. जॅक्सनमध्ये २.९ पासून ‘जेसनअलायस’ आहे. ते फक्त वाचताना जादा नावं स्वीकारतं, लिहिताना काहीच बदलत नाही. सर्डमध्ये ‘अलायस’ हेच करतं. सिस्टम-टेक्स्ट-जेसनमध्ये असं तयार ॲट्रिब्यूट नाही. पायडँटिकमध्ये वाचण्याचं आणि लिहिण्याचं टोपणनाव वेगवेगळं देता येतं.

आणि नियमावर चालणारा एपीआय आधीच लोकांच्या हातात असेल, तर रीनेम करण्याआधी त्या प्रॉपर्टीवर सध्या बाहेर जाणारं नाव ॲट्रिब्यूट म्हणून लिहा. ते नाव अंदाजाने लिहू नका, प्रत्यक्ष रिस्पॉन्समधून उचला. एक टेस्ट अशी लिहा जी जेसन ऑब्जेक्टमध्ये न वाचता कच्च्या मजकुरातच ते नाव शोधते. ती पास झाली की मग आतलं नाव हवं तसं बदला.