मोठा ट्रक म्हणजे जास्त ओझं? नेहमीच नाही

अमेरिकेत पिकअप घ्यायला निघालं की सल्ला ठरलेला: सामान वाहायचंय तर मोठाच ट्रक घे, छोटा म्हणजे खेळणं. हे अर्धंच खरं आहे. फोर्डची छोटी मॅव्हरिक २०२२च्या मॉडेलपासून सुमारे ६८० किलो भार घेते. त्याच कंपनीच्या अवाढव्य एफ-१५० रॅप्टरची क्षमता साधारण ६३५ किलो! रॅप्टरचं सस्पेन्शन वाळवंटातल्या उड्यांसाठी बनवलंय, ओझ्यासाठी नाही. शिवाय तिचं स्वतःचं वजनही भरपूर.

ओढण्यात मात्र मोठा ट्रकच सरस. मॅव्हरिक टो पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठीची जादा जोडणी) घेतलं तर सुमारे १,८०० किलो ओढते, रॅप्टर ३,७००च्या आसपास. पण ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकवर येतो, आणि तो माणसं-सामानाच्या हिशेबातच धरायचा असतो. हे फार लोक विसरतात, आणि ते धोक्याचं आहे. ३,७०० किलोचा ट्रेलर जोडला की हुकवर दहाच टक्के धरले तरी रॅप्टरमध्ये जेमतेम २६५ किलो उरतात. तीन धष्टपुष्ट माणसं बसली की संपलं.

म्हणून जाहिरातीतला आकडा सोडा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती, ते त्यावर त्याच गाडीपुरतं लिहिलेलं असतं. विकत घेण्याआधी तो वाचाच.